अ गट, ब गट आणि एक पातेलं

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी साठीच्या एका बाईवर भर विहारात ओरडले ते वाचून कुणी दचकायला नको. त्यात तेव्हा वय बावीस, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीचं शेवटचं वर्ष, आणि आमच्या कारध्याच्या वस्तीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेली मी एकटीच. मग काय विचारता, जमिनीवर पाय ठरत नव्हते.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी रोज सायकलनं वैनगंगेचा पूल ओलांडून भंडाऱ्याला कॉलेजात जायची. शेवटच्या वर्षाला एक प्रबंध करावा लागे. मला विषय मिळाला तो असा: एका खास जिवाणूनं लावलेलं दही माणसाला रोज पाजलं तर त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींची भूक वाढते का? आई म्हणाली, "म्हंजे दही खाल्ल्यानं भूक लागते का, एवढंच ना? हाव, लागते. टाक लिहून."

पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातल्या राखणदार. बाहेरचा जंतू दिसला की त्या त्याला चक्क गिळतात. ते बघायची रीत सोपी आहे. बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि अंगाइतक्या उबेत थोडा वेळ ठेवायचा. पांढऱ्या पेशी काचेला चिकटून बसतात, बाकीचं रक्त धुऊन टाकता येतं. मग त्यांच्यासमोर यीस्ट वाढायचं, पावात घालतात तेच, आणि अर्ध्या तासानं काच रंगवून मोजायचं, कुणी किती गिळलं. पहिल्यांदा मी पाहिलं तेव्हा एका पेशीच्या पोटात चार गोल दाणे होते आणि पाचवा अर्धा आत, अर्धा बाहेर. मी प्रयोगशाळेत ओरडले, "अरे माय, खाऊन राहिली!" माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काय, उपाशी बसेल?" म्हणाल्या आणि तोंडात लवंग टाकली.

प्रबंध मे महिन्याच्या शेवटी जमा करायचा होता. नाही झाला तर वर्ष गेलं. आणि ते माझं एकटीचं गेलं नसतं. धाकटी बहीण बारावी होऊन घरी बसली होती. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं. बाबा सरकारी कार्यालयात शिपाई, आणि त्यांचं म्हणणं साफ होतं, "एका टायमाले एक. मोठीचं झालं का तुझं." धाकटी तोंडानं काही म्हणायची नाही, पण रोज सकाळी मी सायकल काढली की टायरमध्ये हवा आहे की नाही ते ती स्वतः दाबून बघायची.

प्रयोगाला वीस धडधाकट बाया हव्या होत्या. मी मोठ्या काकीकडे गेले. मोठी काकी आमच्या घरासमोर राहायची. नात्यानं आमची कुणी नाही, पण अख्ख्या वस्तीची काकी. रोवणीच्या, म्हणजे भात लावायच्या, दिवसांत वीस बायांची टोळी घेऊन ती धानाच्या बांध्यांत उतरायची, आणि टोळीत तिचा शब्द शेवटचा.

"रक्त किती घेशीन?" तिनं विचारलं.

"एक थेंब. दोनदा."

"दूध कायचं?"

"म्हशीचं."

"मंग लिही वीस नावं."

तरी मी घरोघर जाऊन एकेकीला विचारलंच. उत्तर सगळीकडे एकच मिळालं, "काकी येऊन राहिली ना? मंग झालं."

विहारात सगळ्यांना जमवून मी चिठ्ठ्या काढल्या. दहा जणी अ गटात, दहा जणी ब गटात. अ गटाला पंधरा दिवस ते जिवाणूचं दही घुसळून द्यायचं, ब गटाला नुसतं उकळून गार केलेलं दूध, म्हणजे दोन्ही गटांची तुलना करता येईल. मग मी भाषण ठोकलं. नियंत्रण गट म्हणजे काय, शास्त्रीय पद्धत म्हणजे काय, सगळं सांगितलं. सगळ्या माना हलवत होत्या. एकीनं फक्त विचारलं, "आमी ब मंदी कायले व? अ मंदी कायले नाई?"

"तसं काई नसते मावशी, नुसतं नाव हाये ते," मी म्हटलं आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

जिवाणूची पुडी मॅडमनी मिळवून दिली होती. दूध उकळायचं, बोट सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण घालायचं आणि डबा तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, खोल खोचून ठेवायचा. कॉलेजातलं उबवणी यंत्र लोडशेडिंगच्या मर्जीवर चालायचं. तणसाला वीज लागत नाही. मॅडम एकदा घरी आल्या, पेंढ्यात थर्मामीटर खुपसून खाली वाकून बघत बसल्या आणि शेवटी "काही खोट काढता येत नाही" म्हणाल्या. प्रबंधात तणस हा शब्द कसा लिहायचा यावर मात्र आमचा अर्धा तास गेला.

हिरव्या झाकणाच्या कॅनमध्ये घुसळलेलं दही, पांढऱ्या झाकणाच्या कॅनमध्ये दूध. दुपारी मी कॉलेजात असायची, म्हणून दोन्ही कॅन विहारात नेऊन वाटायचं काम धाकटीचं होतं.

रक्त घ्यायचे दिवस म्हणजे जत्राच. थर्माकोलची पेटी, तिच्यात गरम पाण्याच्या बाटल्या, मधे काचांचा स्टीलचा डबा. सुई पाहून तिघी जणी विहाराच्या मागं पळाल्या. मोठ्या काकीनं बोट पुढं केलं, "टोच. पायात याच्याहून मोठे काटे घेऊन रोवणी केली हाये आमी." मग त्या तिघी परत आल्या. मधेच बाटल्यांतलं पाणी थंड पडलं. मी घाबरले, तर काकीनं डबा उचलला, पदराखाली पोटाशी धरला आणि भिंतीला टेकून बसली. "मी बसली आता अंड्यावर. अर्धा घंटा कोणी उठवू नका मले." मी हळूच थर्मामीटर लावलं. बरोबर सदतीस! बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला.

पंधरवडा संपला, दुसऱ्यांदा रक्त घेतलं, आणि मी अ गटाच्या काचा मोजायला बसले. भूक वाढली होती! पहिल्या दिवशीच्या काचांशी ताडून पाहिलं, परत मोजलं, तरी वाढलेलीच. एकेक पेशी पोट फुगवून बसलेली. आनंद माझ्या पोटात माईना. मी प्रयोगशाळेतल्या रिकाम्या बाकांमधून एक गिरकी मारली, मग अजून एक मारली. येताना पुलावर सायकलचे दोन्ही हात सोडले. मागून एका ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन मला शिवी घातली, मी त्याला हात हलवून टाटा केला. घरी येऊन धाकटीला कमरेला धरून उचललं. "चाल, नागपूरच्या तयारीले लाग!" म्हटलं. धाकटी हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी कुठली बघते.

दुसऱ्या दिवशी ब गटाच्या काचा लावल्या. पहिल्या काचेवर पेशींची पोटं टम्म. म्हटलं असेल एखादी खादाड. दुसरी काच, तिसरी, चौथी. नुसतं दूध पिणाऱ्या बायांच्या पेशी दही पिणाऱ्यांइतक्याच जेवून बसल्या होत्या. दुसरा सूक्ष्मदर्शक घेतला, डोळे धुऊन आले, पुन्हा मोजलं. दहाच्या दहा तशाच. म्हणजे माझ्या दह्यानं काहीच वेगळं केलं नव्हतं, किंवा कुठंतरी घोळ होता.

घरी येऊन मी धाकटीला धरलं. तिनं आधी जमिनीकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, मग भोकाड पसरलं. "ताई, मले काकीनं शपथ घातली होती!"

पहिल्याच दिवशी मोठ्या काकीनं दोन्ही कॅन घेतले होते. एका मोठ्या पातेल्यात दोन्ही ओतले, रवीनं घुसळले आणि वीस पेले सारखे भरले. रोज. पंधराच्या पंधरा दिवस.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्याआधी एक विचार आला तोही सांगते, आज सांगताना लाज वाटते तरी. आकडे माझ्याच वहीत होते आणि पेन्सिलीत होते. ब गटाचे थोडे खाली आणले असते तर प्रबंध तयार होता. मी पेन्सिल हातात घेतलीसुद्धा. धाकटी रडायची थांबून माझ्या हाताकडे बघत होती. तिचंही वर्ष त्यात होतं, एक शब्द बोलली असती तर कदाचित मी लिहिलंही असतं. ती बोलली नाही. मी पेन्सिल भिंतीवर फेकली आणि विहाराकडे निघाले. कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला राहवणार नव्हतं.

टोळीतल्या सगळ्या बाया विहारात झाडलोट करत होत्या. मी दारातूनच सुरू झाले. "काकी, काय करून ठेवलं हे तुमी! दोन कॅन वेगवेगळे कायले देल्ले होते मी? शोभेले? माझं वर्ष बुडलं, धाकटीचं बुडलं, तुमाले काई वाटते का नाई?"

"बस आधी," काकी म्हणाली.

"नाई बसत!"

"मंग उभी राहून आयक." तिनं झाडू भिंतीला टेकवला. "मी नवी सून होती तवाची गोष्ट. दुसऱ्याच्या बांधीत रोवणीले जावो. दुपारी आंबील वाटत. बाकीच्या बायांले गंजातून, पेल्यात. आमाले दुरून, वरून, ओंजळीत. ते ओंजळ अजून ध्यानात हाये माह्या. मंग मी माही टोळी धरली, तवा पहिली अट हेच घातली. माह्या वीस बाया एकाच पातेल्यातून पेतीन. जमत नसंन त्यानं आपली रोवणी आपण करावं. इतके वर्ष कोणाची हिंमत नाई झाली दोन भांडे मांडाची. अन् तू, आपली पोरगी, आपल्या विहारात, दोन झाकणं घेऊन आली. दहा जणीले दही, दहा जणीले नुसतं दूध. एक अ, एक ब. कायले व?"

राग कुठं गेला कळलंच नाही. मी तिथंच फरशीवर बसले. चिठ्ठ्या मी काढल्या होत्या. भाषण मी ठोकलं होतं. त्या मावशीनं तोंडावर विचारलं होतं, आम्ही ब मध्ये का, आणि मी पुढच्या मुद्द्यावर गेले होते.

मग पहिल्यांदा मी त्यांना नीट सांगितलं. भाषण नाही, बोलले. "काकी, दही चांगलं हाये का नाई, हे मलेच माहीत नाई. तेच तर पाहाचं होतं. कोणी दही पेल्याशिवाय राहिलं, तरच समजते ना का फरक दह्यानं पडला. आता तुमच्या सगळ्यायच्याच पेशी जास्त खाऊन राहिल्या. दह्यानं खाऊन राहिल्या का दुधानं का मोसम बदलला म्हणून, काय सांगू मी?"

काकी विचार करत होती. "म्हंजे नुसतं दूध पेणारीचं काम दही पेणारीएवढंच मोठं?"

"तेवढंच. उलट तिच्याबिगर कामच नाई होत."

"बह्याड पोरी!" काकी कडाडली. "मंग हे आधी सांगाले का झालं होतं तुले? ताकाले जाऊन भांडं कायले लपवलं?"

आणि मग जे झालं ते सांगताना आजही मला हसू आवरत नाही. "मले दूध दे," एक म्हणाली. "मी तं पहिलेपासून ब मंदीच होती, मी नाई सोडत," दुसरी म्हणाली. "तुले गॅसेस होते, तू दही पे, मी दूध पेतो." दोन मिनिटांत वीसच्या वीस जणी ब गटात! ज्याच्याशिवाय काम होत नाही ते काम प्रत्येकीला हवं होतं आणि दही प्यायला एकही तयार नव्हती. मी रडत होते आणि हसत होते, नाक वाहत होतं, आणि माझं वर्ष अजूनही बुडालेलंच होतं.

"चूप!" काकीनं हात वर केला. "लग्नात कसं करतेत? पहिली पंगत बसते, दुसरी वाढते. मंग वाढणाऱ्या बसतेत अन् उठलेल्या वाढतेत. आधी या दहा जणी दही पेतीन अन् त्या दहा दूध. मंग उलटं. सगळ्यायच्या वाट्याले दोन्ही. मंग तं पंक्तिप्रपंच नाई ना होत?"

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सगळं सांगितलं. पातेलं, ओंजळ, पेन्सिलसुद्धा. शेवटी काकीच्या पंगती सांगितल्या. मॅडमनी कागदावर दोन चौकटी काढल्या आणि त्यांच्यामध्ये एक फुली मारली. मग म्हणाल्या, "याला क्रॉसओव्हर म्हणतात. प्रत्येक माणूस स्वतःशीच ताडून बघायचा. पहिल्या वर्षाला मी शिकवलं होतं. पेपरात प्रश्न होता."

"मी तो ऑप्शनला टाकला होता, मॅडम."

"तुझ्या काकींनी नाही टाकला," मॅडम म्हणाल्या आणि जे हसायला लागल्या ते लवंग घशात जाईपर्यंत.

हातात तीन महिने होते आणि हिशेब काठोकाठ बसत होता. आधी दोन आठवडे सगळ्यांनी दही, ताक, कढी बंद करायची, म्हणजे पोटातलं जुनं निघून जाईल. मग पहिली पंगत. परत दोन आठवडे बंद. मग दुसरी पंगत. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी रोज दुपारी सायकल हाणत घरी यायची आणि कॅनजवळ उभी राहायची. मॅडमनी काचांवर चिकटपट्ट्या लावून खुणा केल्या, कुठली काच कुणाची ते मला मोजताना कळू नये म्हणून. मला त्याचा राग आला, पण पेन्सिलीची गोष्ट मीच सांगितली होती.

दही बंदीच्या पंधरवड्यात काकी घरोघर फिरून झाकणं उघडून बघायची. एकीच्या घरी कढी सापडली तर काकीनं ती नवऱ्याला वाढायला लावली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली. त्यातच जयंती आली. एप्रिलचं ऊन, सगळ्या वस्तीचं जेवण आणि गंजभर थंड मठ्ठा. वाढणारा पोरगा ओळीनं येत होता आणि माझ्या वीसही बाया, पांढऱ्याशुभ्र साड्यांत, एकामागोमाग एक पेल्यावर हात ठेवत होत्या. "काहून व, मठ्ठा नाई?" कुणीतरी विचारलं. "आमचा प्रयोग सुरू हाये," मोठी काकी म्हणाली, अशा आवाजात की पुढं कुणी विचारलं नाही. मी पलीकडच्या ओळीत बसले होते. माझ्या पेल्यात मठ्ठा होता. मला तो गेला नाही.

मे महिन्यात काचा मोजून झाल्या आणि मॅडमनी खुणांची यादी उघडली. दह्याच्या पंधरवड्यात पेशींनी जास्त खाल्लं होतं. फार नाही, थोडंसंच, आणि सगळ्या जणींच्या नाही. मोठ्या काकीच्या पेशींनी तर दोन्ही वेळा अगदी सारखंच खाल्लं होतं. मी भीत भीत सांगितलं. काकीला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. "माह्या पेशी पहिलेपासूनच पोटभर खातेत," ती म्हणाली. "त्यायले दह्याची लालूच नाई."

प्रबंध वेळेत जमा झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून एक सर आले होते. बारीक अंगाचे, पानं ओलं बोट लावून उलटणारे. पहिला पंधरवडा का फसला याचं एक अख्खं पान मी लिहिलं होतं, पातेल्यासकट. सर तिथं थांबले. दोनदा वाचलं.

"हे पान कशाला ठेवलं? पुढचं काम व्यवस्थित आहे. हे काढून टाकलं असतं तर कुणाला कळलं असतं?"

उत्तर सरळ तोंडातून आलं. "वीस बायांना कळलं असतं, सर."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाकडे बघत होत्या. सरांनी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

बाहेर पायऱ्यांवर धाकटी सकाळपासून बसली होती. मला बघून उठली नाही, नुसती मान वर केली.

"झालं," मी म्हटलं. "पास."

तिनं पिशवीतून एक कागद काढला. नर्सिंगचा फॉर्म. नाव, पत्ता, मार्क, सगळं मोत्यासारख्या अक्षरात भरलेलं, फोटो चिकटवलेला, खाली बाबांची सही.

"कधी भरला व हा?"

"लय दिवस झाले."

"अन् माझं नसतं झालं तर?"

"तर फाडला असता," धाकटी म्हणाली. "तुले सांगतलंच नसतं."

मी सगळ्या कॉलेजासमोर तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडले.